मोर्चा संपल्यावर फोन कोण उचलतं?

६ मार्च २०१८ ला नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च १२ मार्चच्या पहाटे मुंबईत आझाद मैदानावर पोचला. सुमारे १८० किलोमीटर. दहावीच्या मुलांचा पेपर चुकू नये म्हणून शेवटचा टप्पा लोकांनी रात्रीतच चालून काढला आणि शहराने त्याचं तोंडभरून कौतुक केलं. लोक आपापला शिधा बांधून आले होते, मुक्कामाला एकत्र चुली पेटत होत्या. सरकारने लेखी आश्वासन दिलं आणि मोर्चा त्याच दिवशी मागे घेतला गेला. कॅमेरे तिथेच थांबले. वनहक्काच्या, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेल्या जंगल जमिनीवरच्या हक्काच्या, हजारो दाव्यांचा पाठपुरावा, नामंजूर दाव्यांची अपिलं, प्रांत कार्यालयात अडकलेली फाइल, ‘मार्चमध्ये तर मान्य केलं होतं ना?’ असं विचारणाऱ्या बाप्यांचे फोन, हे सगळं त्यानंतर सुरू होतं. चालून पायाला आलेला फोड आठवड्यात बरा होतो. माणसं गळतात ती या पुढच्या दीड-दोन वर्षांत.

घरावर तुळशीपत्र ठेवणाऱ्या कार्यकर्त्याचं आपल्याकडे फार कौतुक. तो रात्री दोनला फोन उचलतो, मुलीच्या शाळेची फी भरायची विसरतो, ताप अंगावर काढून तहसीलवर हजर होतो. सत्कारात हे सगळं अभिमानाने सांगितलं जातं. पाच-सात वर्षांनी तो घरी बसला की मागे कुजबुज होते, ‘विचाराने कच्चाच होता.’ विचार पक्का असतो हो. त्याच्या एकट्याच्या अंगावर महिन्याला किती तास पडत होते, ते कुणी मोजलेलं नसतं.

मोजून बघू. एक तालुका, त्यात वीस गावं आणि एक पूर्णवेळ कार्यकर्ता धरा. दर गावात महिन्याला एक बैठक: अडीच तास बैठक, दोन तास येणं-जाणं, म्हणजे वीस गावांचे नव्वद तास. कोर्टाच्या चार तारखा, तारखेला अख्खा दिवस जातो, बत्तीस तास. तहसील, प्रांत, वनखातं, पंचायत समिती मिळून सहा दिवस, अठ्ठेचाळीस तास. रोज दीड तास फोन, पंचेचाळीस तास. हिशेब, निवेदनं, पत्रकं यांचे वीस तास. बेरीज २३५. महिन्याचे चोवीस दिवस आणि दिवसाचे आठ तास काम धरलं तर हातात येतात १९२. म्हणजे काहीही विशेष न घडलेल्या महिन्यातसुद्धा त्रेचाळीस तास उसने घ्यावे लागतात, आणि ते झोपेतून, घरातून किंवा शेतातून येतात. त्यात एक अटक, एक अपघात किंवा एक जळीत प्रकरण आलं की संपलंच.

आता याच हिशेबात दोन बदल करा. गावाची बैठक दर महिन्याला व्हावी, पण कार्यकर्त्याने एकाआड एक बैठकीलाच जावं; मधली बैठक गावाने आपली आपण चालवावी. नव्वदचे पंचेचाळीस झाले. फोन तिघांत वाटून द्या, पंचेचाळीसचे पंधरा झाले. बेरीज १६० वर आली आणि बत्तीस तास मोकळे राहिले. आणीबाणी त्या बत्तिसात बसते. नवीन माणूस नेमला नाही, कुठून निधी आणला नाही. बर्नआउटवर शिबिर घ्यायच्या आधी संघटनेने ही बेरीज एकदा फळ्यावर मांडावी. शिबिराचे दोन दिवस वाचतील.

फोनचं एवढं काय, असं वाटेल. पण संघटनेची सत्ता आणि संघटनेची दमणूक दोन्ही त्या एका नंबरात साठतात. उपाय साधा आहे. संघटनेच्या नावाचं वेगळं सिम घ्यायचं आणि बटणाच्या फोनमध्ये टाकायचं, कारण व्हॉट्सअॅप नसेल तर तो फोन हातातून हातात देता येतो. सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी सहा ते आठ एवढीच वेळ. तिघांनी दोन-दोन दिवस वाटून घ्यायचे, रविवारी फोन बंद. फोनसोबत एक वही फिरते: तारीख, गाव, नाव, काय अडलंय, कोण बघणार, कधीपर्यंत. रात्री-अपरात्री फक्त तीन कारणांसाठी वैयक्तिक नंबरवर फोन चालेल: अटक, दवाखाना, मारहाण. हे तीन शब्द पत्रकावर छापून टाकायचे. पहिले दोन महिने लोक जुन्याच माणसाला फोन करतात. त्याने तिथल्या तिथे काम करून टाकलं की व्यवस्था कोसळली म्हणून समजा. ‘आज वही अमक्या ताईंकडे आहे, त्यांना लावा’ एवढंच बोलून फोन ठेवणं जुन्या कार्यकर्त्याला जड जातं, कारण आपल्यावाचून अडतं ही भावना सुखाची असते. ती मोडल्याशिवाय पुढचं काही होत नाही.

व्हॉट्सअॅपचे गट दोन असावेत. एक सूचनांचा, ज्यात फक्त अॅडमिन लिहू शकतात, आणि एक चर्चेचा, जो कुणीही म्यूट केला तरी राग मानायचा नाही. एकाच गटात बैठकीची तारीख, वाढदिवस, सुविचार आणि भांडण असेल तर बैठकीची तारीखच सगळ्यात आधी हरवते.

कोर्टाच्या तारखांवर जरा थांबायला हवं, कारण गावपातळीवरच्या चळवळींत सगळ्यात जास्त माणसं इथे झिजतात आणि याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. रास्ता रोको पाऊण तासाचा असतो, त्याचा खटला वर्षानुवर्षं चालतो. कलम ३७ चा जमावबंदी आदेश मोडला म्हणून महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १३५ लागतं. त्याला आणखी चार कलमं जोडली जातात. आरोपी पंचवीस असले तर प्रत्येकाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं, आणि साहेब रजेवर म्हणून पुढची तारीख मिळते. तिसऱ्या-चौथ्या तारखेला दोघं गैरहजर राहतात, वॉरंट निघतं, पोलीस घरी येतात, बायको संघटनेला शिव्या घालते. तिचं चुकत नाही.

यातलं निम्मं काम आंदोलनाच्या आधीच करायचं असतं. परवानगीच्या अर्जावर दर वेळी त्याच तिघा-चौघांच्या सह्या असतील तर पोलिसांची प्रतिबंधक नोटीसही त्यांनाच येते (आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली येते, बोलण्यात मात्र अजून जुन्या कायद्याच्या कलमावरून ‘१४९ ची’च), गुन्ह्यातही त्यांचीच नावं वर लागतात आणि चार-पाच गुन्हे साठले की तडीपारीच्या प्रस्तावाची भाषा सुरू होते. म्हणून सह्या फिरत्या ठेवायच्या. कुणाच्या ठेवायच्या नाहीत हेही ठरवायचं. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, सरकारी नोकरीची मुलाखत दिलेली मुलगी, पासपोर्टचा अर्ज टाकलेला माणूस यांना चारित्र्य पडताळणीत अडकायला होतं. त्यांनी स्वयंपाक, गाडी, फोटो, पत्रकं बघावीत. अर्जावर नाव नको. अशी यादी आंदोलनाच्या बैठकीत मोठ्याने वाचली की त्या पोरांच्या आईबापांचा संघटनेवर विश्वास बसतो, हा आणखी एक फायदा.

खटला पडलाच तर तारखांची वही ठेवायची. एका पानावर एक खटला: गुन्हा क्रमांक, कोर्ट, सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर, वकिलाचं नाव, आरोपींची यादी, खाली तारखांचा तक्ता आणि समोर कोण हजर होतं. ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये सीएनआर टाकला की पुढची तारीख कळते, त्यासाठी वकिलाच्या मागे फिरावं लागत नाही. प्रत्येक तारखेला सगळ्यांनी जायची गरज नसते. वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज देऊन दोघं-तिघं आळीपाळीने जाऊ शकतात. दोषारोप ठेवायच्या आणि आरोपींचे जबाब नोंदवायच्या तारखेला मात्र सहसा सगळ्यांना उभं राहावं लागतं. त्या तारखांना वहीत लाल खूण करा आणि आठवडाभर आधी गावात माणूस पाठवा. जाणाऱ्याचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी संघटनेने द्यायची. त्यासाठी आंदोलनाच्या वर्गणीतला चौथा हिस्सा ‘कोर्टखर्च’ म्हणून पहिल्याच दिवशी वेगळा काढून ठेवायचा. मंडप, स्पीकर, बॅनर यात सगळं उडवून टाकणाऱ्या संघटना हाच पैसा नंतर कार्यकर्त्याच्या खिशातून काढतात.

याच वहीच्या मागच्या बाजूला मुदतींचा तक्ता ठेवावा. उपविभागीय समितीने वनहक्काचा दावा नाकारला तर जिल्हा समितीकडे साठ दिवसांत दाद मागायची. माहिती अधिकाराच्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत दुसरं. या मुदती डोक्यात ठेवणारा माणूस रात्री दचकून उठतो. वहीत लिहिल्या की त्या कुणालाही बघता येतात. आणि निवेदन देताना पोच घ्यायची. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. पोच नसलेलं निवेदन दिलंच नव्हतं असं धरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि एकच काम दोनदा करण्याने माणूस जितका वैतागतो तितका लाठीनेही वैतागत नाही.

बैठकीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण सगळ्यांना सगळं ठाऊक असतं आणि कुणी करत नाही. दिवस ठरलेला हवा, बोलावणं धाडायची वेळ येऊ नये. बऱ्याच भागांत अमावास्येला औत धरत नाहीत, तो दिवस चांगला पडतो. आठवडी बाजाराचा दिवसही चालतो, पण बाजारात विकायला बसलेल्या बायका दुपारनंतरच मोकळ्या होतात. इतिवृत्तात तीनच रकाने: ठरलं काय, करणार कोण, कधीपर्यंत. दुसऱ्या रकान्यात ‘सर्वांनी मिळून’ असं आलं की ते काम झालेलं नसणार, लिहून घ्या. पुढची बैठक त्याच तीन रकान्यांच्या वाचनाने सुरू करायची. भाषणं नंतर.

बायकांच्या वेळेचा प्रश्न वेगळा आहे. रात्री नऊची बैठक पुरुषांच्या सोयीची असते. स्वयंपाक, भांडी, पाणी उरकून बाई आलीच तर मागच्या ओळीत पेंगते, आणि तिने होकार दिला असं इतिवृत्तात लागतं. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची गणपूर्ती लागते आणि हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश स्त्रिया. रात्रीच्या बैठकीत ही संख्या कागदावरच भरते, आणि उद्या कुणी हरकत घेतली की अख्खा ठराव धोक्यात येतो. दुपारी दोन ते चार ही वेळ बघा. मुलं सांभाळायला एक माणूस बसवा आणि त्याला त्या दोन तासांचे पैसे द्या. मोर्चात मुक्कामाची जागा ठरवताना आधी संडास आणि पाणी बघायला दोन बायकांनाच पाठवा. मार्च-एप्रिलच्या उन्हात चालायचं तर माणशी चार-पाच लिटर पिण्याचं पाणी धरावं लागतं. आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या बायका तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडतात. आणि सतरंज्या झाडणं, चहा करणं, भांडी घासणं यांचीही पाळी लावा, पुरुषांच्या नावासकट. मजुरांच्या हक्कासाठी लढणाऱ्या संघटनेत हे काम पंचवीस वर्षं त्याच तिघी करत असतात आणि त्या तिघी कधीच कार्यकारिणीत नसतात.

वर्षाचं वेळापत्रक शेतीकडे बघून लावायचं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मग तेंदूपत्ता. मृगात पेरणी, त्यानंतर लावणी. दिवाळीच्या आसपास ऊसतोड आणि वीटभट्टीवर माणसं जायला लागतात, गावं निम्मी रिकामी होतात. त्या काळात मोठा कार्यक्रम लावून ‘लोक येत नाहीत’ म्हणून कपाळाला हात लावणं म्हणजे स्वतःच खड्डा खणून त्यात पडणं. विधिमंडळाची अधिवेशनं ठरलेली आहेत, डिसेंबरचं नागपूरचं, मार्चचं मुंबईचं. त्यातलं एकच निवडा. दोन्हीकडे मोर्चा नेणारी तालुका पातळीची संघटना वर्षभरात दुसरं काहीच करू शकत नाही. सांगली-सोलापूर-साताऱ्याच्या दुष्काळी तालुक्यांतली पाणी संघर्ष चळवळ १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषद भरवत आली आहे. वर्षाकाठी असा एक ठरलेला दिवस असला की मधल्या महिन्यांत लोकांना सतत पेटवत ठेवावं लागत नाही. सतत पेटवत ठेवणं हे तसंही लोकांना परवडत नाही, ते फक्त नेत्याला परवडतं.

पैशाचं बोलायला कार्यकर्ते लाजतात. पूर्णवेळ कार्यकर्त्याचं मानधन तालुक्यातल्या शेतमजुरीच्या दरापेक्षा कमी असेल तर तो दोन वर्षांत एक तर जाईल किंवा कडवट होईल. कडवट झालेला जास्त नुकसान करतो. दर × सव्वीस दिवस, अधिक प्रवासखर्च वेगळा, एवढं तरी जमत नसेल तर पूर्णवेळ माणूस ठेवू नये. दोन अर्धवेळ ठेवावेत आणि त्यांची शेती किंवा धंदा चालू राहू द्यावा. कार्यकर्त्याच्या बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत अपघाताचा आणि ४३६ रुपयांत आयुर्विम्याचा, असे दोन-दोन लाखांचे सरकारी विमे निघतात. आयुर्विम्याला वयाची पन्नाशी उलटायच्या आत नाव घालावं लागतं. मे महिन्याच्या अखेरीस खात्यात तेवढे पैसे आहेत का, हे खजिनदाराने बघायचं. एवढं साधं काम बहुतेक ठिकाणी राहून जातं. आणि नियम करा: रात्री नऊनंतर मोटारसायकल नाही, जिथे असाल तिथे मुक्काम. बैठक लांबली म्हणून घाटातून एकट्याने परतणं, हा चळवळीतला सगळ्यात फुकटचा धोका आहे.

वर्गणी घ्यायचीच, गरिबाकडूनही. क्रमांक छापलेलं पावती पुस्तक, खाली कार्बन, आणि प्रत्येक बैठकीच्या शेवटी जमा-खर्च मोठ्याने. पैशाऐवजी धान्य चालतं, लाँग मार्चचं पोट त्याच्यावरच चाललं. माणशी दिवसाला अर्धा किलो तांदूळ-पीठ आणि शंभर ग्रॅम डाळ धरली तर शंभर माणसांच्या सहा दिवसांच्या शिध्याला तीन क्विंटल धान्य आणि साठ किलो डाळ लागते. तीस घरांनी दहा-दहा किलो धान्य आणि दोन-दोन किलो डाळ दिली की झालं. देणगीदार संस्थेचा प्रकल्प घेतला तर वेगळीच झीज सुरू होते. मार्च अखेरपर्यंत अमुक इतक्या बैठका, तमुक इतके लाभार्थी, फोटोसह अहवाल. कार्यकर्ता हळूहळू सर्वेक्षक होतो आणि प्रकल्प संपला की गावाला वाटतं चळवळच संपली. प्रकल्प घेऊच नये असं नाही. पण बैठक, फोन, तारखांची वही ही तीन कामं प्रकल्पाच्या पैशावर कधीच ठेवू नयेत.

पुण्याच्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केलं: हमालांना स्वस्तात पोटभर जेवण. नर्मदेच्या खोऱ्यात नर्मदा बचाव आंदोलनाने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आदिवासी मुलांसाठी जीवनशाळा काढल्या. मागणी मान्य होवो न होवो, रोज काहीतरी चालू असतं, रोज त्याचा उपयोग होतो, आणि भाषण न करता येणाऱ्या माणसालाही तिथे काम असतं. वीस-वीस वर्षं निकाल न लागणाऱ्या लढ्यात माणसांना धरून ठेवणाऱ्या या गोष्टी आहेत. फक्त त्याचा बोजा संघर्षाच्या माणसांवरच टाकू नये. खानावळ चालवणं हा पूर्ण वेळचा धंदा आहे.

दमलेला कार्यकर्ता ओळखायचा कसा? तो बैठकीला येणं बंद करत नाही, हीच अडचण. तो सगळीकडे असतो. पण अधिकाऱ्यावर ओरडायच्या ऐवजी आपल्याच लोकांवर ओरडायला लागतो. ‘लोकच नालायक आहेत’ हे वाक्य महिन्यात दोनदा ऐकू आलं की समजा. तो लिहून ठेवणं सोडतो. किल्ल्या, कागद, पासवर्ड कुणाला देत नाही. तंबाखू वाढते, जेवणाच्या वेळा जातात, बीपी निघतं. बायकांवरचे अत्याचार, अॅट्रॉसिटी, आत्महत्या अशा प्रकरणांत काम करणाऱ्यांना हे लवकर गाठतं. तिथे एकट्याने जायचं नाही, नेहमी दोघांनी. परत आल्यावर दोन दिवसांच्या आत त्या प्रकरणात नसलेल्या तिसऱ्या माणसासोबत अर्धा तास बसायचं: काय बघितलं, काय जमलं नाही, पुढे कोण जाणार. सलग दोन प्रकरणं एकाच जोडीकडे द्यायची नाहीत. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तो क्रमांक कार्यालयाच्या भिंतीवर लावताना ‘आपल्याला कशाला’ म्हणणारा एक जण निघतोच. त्यालाच लावायला सांगा.

रजा मागून मिळत नाही, ती सक्तीची करावी लागते. वर्षाला एक महिना, भर पावसात. आधीचे पंधरा दिवस काम हातात द्यायला. रजेच्या काळात त्याला निर्णय विचारायचे नाहीत, गटांतून बाहेर काढायचं, ‘फक्त एक विचारायचं होतं’ असा फोन करणाऱ्याला दंड. परत आल्यावर त्याला सगळी कामं परत द्यायची नाहीत. महिनाभर ज्याने केली त्याच्याकडे त्यातली दोन राहू द्यायची. दुसरी फळी अशीच तयार होते. त्यासाठी वेगळं नेतृत्व शिबिर लागत नाही.

पदांची मुदत दोन वर्षं असावी आणि शेवटचे तीन महिने नवा सचिव जुन्याच्या सोबत फिरावा. नोंदणीकृत संस्था असेल तर इथे एक हमखास खड्डा आहे. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिला नाही तर परिशिष्ट-१ वर, म्हणजे विश्वस्तांच्या सरकारी नोंदीत, जुनीच नावं राहतात, बँक नव्या सह्या घेत नाही आणि संस्थेचे पैसे गावी निघून गेलेल्या एखाद्या जुन्या अध्यक्षाच्या सहीवर अडकतात. निवडीच्या दिवशीच अर्जावर सगळ्यांच्या सह्या घेऊन टाकाव्यात. खात्यावर तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या, आणि तिघं एकाच घरातले नकोत.

लढ्यातून मागे कसं यायचं हेही आधी ठरवावं लागतं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. सुमारे अडीच लाख माणसं एकेकट्याने, शरमेने किंवा निरुपायाने आपापली वाट शोधत राहिली. बेमुदत उपोषण किंवा बेमुदत धरणं जाहीर करताना तीन गोष्टी इतिवृत्तात असाव्यात: किमान काय मिळालं तर थांबायचं, काहीच न मिळाल्यास कोणत्या तारखेला सगळ्यांनी बसून फेरविचार करायचा, आणि हा निर्णय कोण घेणार. उपोषणाला बसलेल्या माणसाकडे तो निर्णय ठेवू नये. पाचव्या दिवशी त्याचं डोकं चालत नसतं आणि त्याला माघार म्हणजे अपमान वाटतो. २०२३ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च ठाणे जिल्ह्यात वासिंदला थांबला आणि मुंबईपर्यंत न जाता माघारी फिरला. आधी ठरवून थांबलेला मोर्चा परत निघू शकतो.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाची गोष्ट बहुतेकांना ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेपुरती माहीत असते. तिथली खरी शिकण्यासारखी गोष्ट अभ्यासगट ही आहे. विषय समजून घ्यायला अभ्यासगट, निर्णय घ्यायला ग्रामसभा, आणि निर्णय सर्वसहमतीने. बाहेरचा जाणकार अभ्यासगटात येऊन बोलतो, पण निर्णय करत नाही. त्यामुळे जाणकारावर नेता होण्याचा बोजा पडत नाही आणि गावालाही त्याच्या वेळापत्रकावर अवलंबून राहावं लागत नाही. हे फार संथ चालतं. एकाचा विरोध असला तरी विषय पुढे ढकलला जातो, आणि शहरातून आलेल्या माणसाचा जीव कासावीस होतो. पण बहुमताने घाईत केलेल्या ठरावाला चौदा घरं आतून विरोध करत राहिली की त्यांची समजूत घालण्यात कार्यकर्त्याचं जे वर्ष जातं, त्यापेक्षा ढकललेली बैठक स्वस्त पडते.

मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर अख्ख्या गावाचा मिळून हक्क, मिळाला आणि बांबू विकायला नेण्यासाठी लागणाऱ्या वाहतूक परवान्याचं पुस्तक हातात यायला एप्रिल २०११ उजाडलं. हक्क मिळाल्यावर काम तिपटीने वाढतं, याची तयारी फारच थोड्या ठिकाणी असते. ग्रामसभेचं पॅन, बँक खातं, लिलावाच्या जाहिराती, व्यापाऱ्याशी करार, मजुरीचं हजेरीपत्रक, परवाना पुस्तकाचा हिशेब, ऑडिट. मोर्चात घोषणा देणाऱ्याला हे येतंच असं नाही, आणि येत नाही म्हणून तो अपराधी वाटून घेऊन बाजूला होतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या हजारो बायका दारूबंदीसाठी डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये ती उठली. बंदीचा आदेश निघाल्यावर मोर्चातल्या बाईने रोज नेमकं काय करायचं, तक्रार कुठे लिहायची, पोलिसांनी दखल घेतली नाही तर वर कुणाकडे जायचं, हे गावागावात लिहिलेलं नसेल तर जिंकलेल्या बायका वर्षभरात प्रेक्षक होतात.

म्हणून हक्कपत्राची फाइल जिल्हा समितीत असतानाच गावातली बारावी झालेली दोन पोरं निवडायची, त्यांत एक मुलगी. त्यांना शेजारच्या ज्या ग्रामसभेचा बांबूचा किंवा तेंदूचा एक हंगाम झाला आहे तिथे पंधरा दिवस बसवायचं, रोकडवही आणि हजेरीपत्रक लिहायला शिकवायचं, आणि त्या दिवसांची मजुरी ग्रामसभेने द्यायची. त्या दोघांची नावं, मुदत आणि मोबदला हक्कपत्र हातात पडायच्या आधीच्या बैठकीच्या इतिवृत्तात आलेलं असलं पाहिजे.